डायनो क्रायसिस 2 ला 'बिनडोक' म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की डायनो क्रायसिस या डायनासोरवाल्या व्हिडिओगेमच्या पहिल्या भागात डोकं लागायचं, भीती वाटायची, दुसरा म्हणजे नुसती ठोकाठोकी, गेम पार्लरमधल्या 'मुस्तफा' गेमसारखी, कितीही मारा रॅप्टर डायनासोर येतच राहतात मग मारायचं कशाला, खरा रॅप्टर तर एवढा मोठा नव्हताच, आणि मी जुन्या आठवणींपायी त्याला उगाच डोक्यावर घेतलंय.

आधी माझी चूक. दोन्ही गेम डायरेक्टर शिंजी मिकामीचे असं मी ठोकून दिलं होतं, ते साफ चुकलं. 1999 चा पहिला मिकामीचा, 2000 चा दुसरा शू ताकुमीने डायरेक्ट केलाय. आणि तुमच्या या बिनडोक गेमवाल्याने पुढच्याच वर्षी एस अ‍ॅटर्नी हा वकिलीचा गेम काढला, ज्यात उलटतपासणी घेऊन साक्षीदाराचं खोटं पकडत बसायचं असतं! असो. कोडी फुसकी आहेत हे मात्र मान्य.

पण "येतच राहतात" ही तक्रार मला पटत नाही, अख्खा गेमच त्यावर उभाय. पहिल्यात गोळ्या मोजून असायच्या, त्यामुळे रॅप्टर दिसला की पळणं शहाणपणाचं. इथे मारलं की पॉइंट, पॉइंटवर सेव्ह टर्मिनलला (जिथे गेम सेव्ह करता येतो तिथे) गोळ्या आणि नवीन बंदुका, एकामागोमाग पटापट मारले की त्या साखळीचा कॉम्बो, आणि एकदाही ओरखडा न लागता तो एरिया पार केलात तर बोनस वेगळा. म्हणजे मरायची भीती कमी झाली पण ओरखड्याची भीती वाढली, आणि ती काय कमी असते का? सुरुवातीचं जंगल आठवा, कॅमेरा एका जागी खिळलेला, आपला हिरो डिलन पळता पळता शॉटगन झाडतोय, दोन्ही बाजूंनी उड्या पडतायत, एवढ्यात बंदूक आपोआप भलतीकडेच वळते आणि तेव्हा कळतं की तिकडे स्क्रीनच्या बाहेर एक आहे.

आठवणींचं म्हणाल तर आमच्या आठवणी फार सुखाच्या नाहीत. चुलतभावाचा जुना प्लेस्टेशन, उलटा ठेवल्याशिवाय सीडी वाचायचा नाही, आणि मेमरी कार्डच नव्हतं त्यामुळे सेव्ह वगैरे विसरा, वर लोडशेडिंग. रोज पहिल्यापासून. गोष्ट पुढे काय होते ते आम्हाला कितीतरी महिने माहीतच नव्हतं पण कालच्यापेक्षा कॉम्बो मोठा झाला की दिवस सार्थकी लागायचा. एकदा चांगली लांब साखळी चाललेली, एकही ओरखडा नाही, जंगलाचं टोक दिसतंय आणि फट्. लाईट. भावाने रिमोट भिंतीवर मारला होता, आणि रिमोट बिचारा टीव्हीचा.

मुस्तफाचा टोमणा मला कौतुकच वाटला. कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स हे त्याचं खरं नाव आम्हाला फार उशिरा कळलं, तोही डायनो क्रायसिसवाल्या कॅपकॉम कंपनीचाच, 1993 चा. फक्त तिथे मारामारी मुख्यतः गुंडांशी, डायनासोर अधूनमधून.

राहिला रॅप्टरचा आकार. खरा वेलोसिरॅप्टर टर्की कोंबडीएवढा होता आणि 2007 मध्ये त्याच्या हाताच्या हाडावर पिसांच्या खुणाही मिळाल्या, तुमचं शंभर टक्के बरोबर. पण शॉटगन घेऊन कोंबडीमागे धावणारा डिलन कसा दिसेल, सांगा बरं.