अहिराणी बंद केली की इंग्रजी वाचता येतं?

जून जवळ आला की जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो: ‘कॅलिफोर्नियाने 1998 मध्ये शाळांतून घरची भाषा काढली आणि मुलांचं इंग्रजी वाचन सुधारलं. तुम्हीही घरात अहिराणी बंद करा, केजीपासून इंग्रजी माध्यमात टाका.’

कॅलिफोर्नियाचं आधी बघू. जून 1998 मध्ये तिथे शाळेत इंग्रजीतूनच शिकवायच्या कायद्यावर मतदान झालं, द्विभाषिक (घरच्या भाषेतूनही शिकवणारे) वर्ग बहुतेक ठिकाणी बंद झाले, पुढच्या दोन वर्षांत गुणही वाढले. पण ज्यांच्या घरीच इंग्रजी, त्या मुलांचेही वाढले, आणि पालकांनी परवानगी काढून जिथे द्विभाषिक वर्ग चालू ठेवले तिथेही वाढले. परीक्षा त्याच वर्षी नवी आली होती. सरावाने गुण चढतातच. शिवाय 1996 पासून खालच्या वर्गांतली मुलांची संख्या कमी करून 20 वर आणली जात होती. राज्याने पाच वर्षं अभ्यास करवून घेतला, त्यातही कुठली एक पद्धत सरस ठरली नाही. नोव्हेंबर 2016 मध्ये मतदारांनीच तो कायदा मोडीत काढला. मेसेजवाल्यांपर्यंत ही बातमी अजून पोचलेली दिसत नाही.

मेसेजवाल्यांचं दुसरं म्हणणं: ‘दुसऱ्या भाषेत वेळ गेला की इंग्रजी मागे पडतं.’ अमेरिकेतल्याच पोर्टलंडमध्ये द्विभाषिक वर्गांचे प्रवेश चिठ्ठ्या टाकून होत, म्हणून हौशी पालकांचा फरक आपोआप गळला. ती मुलं दिवसातला बराच वेळ स्पॅनिश, चिनी, जपानी किंवा रशियनमध्ये शिकली, तरी चिठ्ठीत नंबर न लागलेल्या मुलांपेक्षा इंग्रजी वाचनात पाचवीत सुमारे 7 महिने आणि आठवीत 9 महिने पुढे निघाली. सगळीकडे असंच होतं असं नाही. काही अभ्यासांत द्विभाषिक वर्गातली आणि फक्त इंग्रजीतून शिकणारी मुलं चौथीपर्यंत बरोबरीत आली. शिकवणं कसं आहे, यावर बरंच ठरतं.

आता आपल्याकडे. अमेरिकेतल्या मुलाला दुकानात, मैदानात इंग्रजी ऐकू येतं. पारोळ्याच्या बाजारात कोण बोलतं? तिसरीतली मुलगी इंग्रजी धडा घडाघडा वाचते: शेतकरी, विहीर, विकलेला बैल. बैल का विकला विचारलं की तीच ओळ पुन्हा वाचते. तोच धडा अहिराणीत सांगा, ती विहीर आटल्याचं सांगेल, वर कडब्याचा भावही काढेल. अक्षरं तिला येतातच. अडतं ते अर्थापाशी, आणि घरात अहिराणी बंद करून तो अर्थ इंग्रजीत येणार नाही.

मराठी माध्यमवाल्यांनीही लगेच खूश होऊ नये. धडगावच्या पावरी बोलणाऱ्या पोराला पहिलीत आपली प्रमाण मराठीसुद्धा परकीच असते. 2020 च्या शैक्षणिक धोरणात शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा असं लिहिलंय. पण त्या वर्गात पावरी समजणारा गुरुजी आहे का, हे कुठल्याच ग्रुपवर कोणी विचारत नाही.