हाताने लावलेल्या लिंका आणि ई-बुकची अनुक्रमणिका : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. ई-बुकच्या अनुक्रमणिकेवरच्या लेखात मी आग्रहाने लिहिलं होतं की प्रत्येक शीर्षकाला वर्डमधली ‘हेडिंग १’ ही स्टाईल, म्हणजे ‘हे शीर्षक आहे’ अशी वर्डला कळणारी खूण, द्याच. तुमचं म्हणणं, हा आग्रह अनाठायी आहे आणि नवे लेखक त्याने बिचकतात. तुम्ही ३४ कथांची नावं सुरुवातीच्या पानावर टाईप केलीत, प्रत्येक नावाला हाताने लिंक लावलीत, कॅलिबर या ई-बुक बनवणाऱ्या प्रोग्राममधून ईपब, म्हणजे ई-बुकची फाईल, काढलीत आणि सगळं नीट चालतं. ॲपच्या मेनूतही कथा दिसतात. कथासंग्रहाची अनुक्रमणिका उघडून बघतं तरी कोण, असंही तुम्ही विचारलंत. आणि पुस्तक आधीच विक्रीला लागलंय, ते आता कोण बदलत बसणार?

तुमच्या पुस्तकात ते चालतं याबद्दल मला शंका नाही. प्रश्न आहे तो ते कशामुळे चालतं हा.

ई-बुकमध्ये अनुक्रमणिका दोन असतात. एक तुम्ही टाईप केलेली, पुस्तकाच्या पानावर दिसणारी. दुसरी फाईलच्या आत असते आणि वाचक स्क्रीनवर टॅप करून मेनू उघडतो तेव्हा ॲप ती दाखवतं. किंडल बहुतेक वेळा पुस्तक थेट मजकुरापाशी उघडतं, त्यामुळे पानावरची अनुक्रमणिका कित्येक वाचकांच्या नजरेलाही पडत नाही. त्यांच्यासाठी मेनू हीच अनुक्रमणिका. पानावर लावलेली लिंक ईपबच्या नियमांनुसार या मेनूत आपोआप जात नाही. फाईल बनवणाऱ्या प्रोग्रामने ती तिथे न्यावी लागते.

मग तुमच्या कथा मेनूत कशा आल्या? कॅलिबरने अंदाज बांधला म्हणून. कॅलिबर मुळातच प्रकरणं शोधतं, पण कशी, ते बघा. शीर्षकात ‘चॅप्टर’, ‘बुक’, ‘सेक्शन’, ‘पार्ट’ असे इंग्रजी शब्द आहेत का, हे ते तपासतं. ‘प्रकरण’ किंवा ‘भाग’ त्याच्या यादीत नाहीत, आणि कथेचं नाव तर काहीही असू शकतं. सहापेक्षा कमी प्रकरणं सापडली की ते दुसरा मार्ग धरतं: फाईलमध्ये दिसतील त्या लिंका उचलून मेनूत भरतं. तुमच्या कथा अशा आल्या आहेत. वर्डच्या फाईलमध्ये हेडिंग स्टाईल असत्या तर हा अंदाज करायची वेळच आली नसती, कारण कॅलिबर आधी त्यांच्यावरून मेनू बनवतं.

या दुसऱ्या मार्गाला मर्यादा आहेत आणि त्या मराठी लेखकाला नेमक्या नडतात. सेटिंग बदललं नाही तर जास्तीत जास्त ५० लिंका घेतल्या जातात. तुमच्या ३४ कथा त्यात बसल्या. ७० कवितांचा संग्रह असता तर शेवटच्या वीसेक कविता मेनूत आल्याच नसत्या आणि तशी ठळक सूचनाही मिळाली नसती. दुसरी मर्यादा याहून वाईट. एकाच नावाच्या दोन लिंका असल्या तर दुसरी गाळली जाते. आपल्याकडच्या कवितासंग्रहात ‘पाऊस’ नावाच्या दोन कविता असणं काही नवल नाही, ‘आई’ नावाच्याही असतात. पानावरच्या अनुक्रमणिकेत दोन्ही दिसतात, मेनूत मात्र एकच. आणि पुस्तकातल्या पुस्तकात नेणाऱ्या लिंका सरसकट उचलल्या जात असल्यामुळे प्रस्तावनेतल्या तळटीपेचा आकडा, मजकुरात मधेच दिलेली दुसऱ्या कथेची लिंक, असलं काहीबाही कथांच्या रांगेत येऊन बसू शकतं. तुमच्या फाईलचा मेनू एकदा शेवटपर्यंत खाली सरकवून बघा, ही विनंती.

नवे लेखक बिचकतात म्हणालात, म्हणून हेडिंगचं काम किती आहे तेही सांगतो. शीर्षकावर कर्सर ठेवायचा आणि कंट्रोल, ऑल्ट आणि १ ही बटणं एकत्र दाबायची. अक्षर निळं किंवा नको तेवढं मोठं झालं तर स्टाईलवर राइट क्लिक करून ‘मॉडिफाय’मध्ये हवा तो फॉन्ट द्यायचा, एकदा दिला की सगळी शीर्षकं एकदम बदलतात. मग ‘रेफरन्सेस’मध्ये ‘कस्टम टेबल ऑफ कंटेंट्स’ उघडून पान क्रमांकांची खूण काढायची, कारण वाचकाने अक्षर मोठं केलं की पानं बदलतात आणि ते आकडे निरर्थक होतात. हाताने ३४ लिंका लावण्यापेक्षा हे निश्चितच कमी कष्टाचं आहे. कथांचा क्रम बदलला किंवा एखादीचं नाव बदललं तर यादीवर एफ ९ दाबलं की ती नवी होते. हाताने लावलेल्या लिंकेत जुनं नाव तसंच राहतं, आणि शीर्षक पूर्ण खोडून नव्याने लिहिलंत तर त्याच्यासोबत बुकमार्कही, म्हणजे लिंक जिथे पोचते ती खूणही, जाते आणि लिंक निकामी होते.

एक बारकावा मूळ लेखात आला नव्हता. आपल्याला ‘प्रकरण तिसरे’ एका ओळीत आणि खाली ‘आजोळ’ असं लिहायची सवय असते. मधे एंटर मारला तर वर्डच्या दृष्टीने ती दोन शीर्षकं होतात आणि अनुक्रमणिकेत दोन वेगळ्या नोंदी येतात. तिथे शिफ्ट धरून एंटर मारा, ओळ तुटते पण शीर्षक एकच राहतं. आणि मजकूर डीटीपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर आधी तो युनिकोडमध्ये आणा. पुस्तकात फॉन्ट जोडून पानं कशीबशी वाचता येतील, पण मेनू ॲपच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये दिसतो. तिथे कथेच्या नावाऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसेल.

आता अनुक्रमणिका कोण बघतं, याविषयी. कादंबरीबद्दल हा प्रश्न असता तर मी फार वाद घातला नसता. ती माणूस सलग वाचतो आणि ॲप त्याची जागा लक्षात ठेवतं. पण कथासंग्रह, कवितासंग्रह, पाककृतींचं पुस्तक, दिवाळी अंक सलग कोण वाचतं? दिवाळी अंक हातात घेतला की आपण आधी अनुक्रमणिकाच उघडतो, ओळखीचं नाव शोधतो आणि तिथून सुरुवात करतो. ती सवय मोबाईलवर जात नाही.

आणखी एक वाचक आहे, आणि मला त्याची सगळ्यात जास्त काळजी वाटते. ज्याला दिसत नाही, तो टॉकबॅकसारख्या स्क्रीन रीडरवर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर, पुस्तक ऐकतो. डोळस वाचक पानं भराभर सरकवून कथा शोधेल, त्याला ते जमत नाही. मेनू हाच त्याचा रस्ता. ईपबच्या जुन्या आवृत्तीतली मेनूची फाईल, जिला एनसीएक्स म्हणतात, ती आली आहे ‘डेझी’ या बोलक्या पुस्तकांच्या मानकातून, म्हणजे मुळात दृष्टिहीन वाचकांसाठी केलेल्या कामातून. २०११ साली आलेल्या ईपब ३ मध्ये तिची जागा नव्या नेव्हिगेशन फाईलने घेतली, पण कल्पना तीच राहिली. ज्यांच्यासाठी ही सोय घडली त्यांनाच आपल्या मराठी पुस्तकात ती अर्धवट मिळावी, हे मला पटत नाही. हेडिंगचा आग्रह मी यासाठीच धरतो आणि पुढेही धरणार आहे.

लांब अनुक्रमणिका नमुना वाचनातली, म्हणजे विकत घेण्याआधी फुकट वाचता येणाऱ्या भागातली, जागा खाते, हा तुमचा मुद्दा मात्र मला मान्य आहे. त्यावर काही जण ती पुस्तकाच्या शेवटी ढकलतात. तसं करू नका. ॲमेझॉनच्या मार्गदर्शनातही ती सुरुवातीला ठेवायला सांगितलं आहे. त्यापेक्षा उपशीर्षकं वगळा. अनुक्रमणिका करताना ‘शो लेव्हल्स’मध्ये १ ठेवलंत की फक्त कथांची नावं येतील.

शेवटी, विक्रीला लागलेलं पुस्तक. ते मागे घ्यायची गरज नाही. किंडलवरच्या तुमच्या प्रकाशन खात्यात त्याच पुस्तकाच्या नोंदीतून नवी फाईल चढवता येते. पुस्तकाची लिंक बदलत नाही आणि वाचकांचे अभिप्रायही राहतात. चढवण्याआधी किंडल प्रिव्ह्यूअर या मोफत प्रोग्राममध्ये फाईल उघडा आणि पानावरची अनुक्रमणिका व मेनू दोन्ही वेगवेगळे तपासा. मेनूतल्या नोंदी मोजा: ३४ कथा, प्रस्तावना, मनोगत. आकडा जुळला नाही तर कुठल्या शीर्षकाची स्टाईल राहिली ते वर्डच्या ‘नेव्हिगेशन पेन’मध्ये लगेच दिसतं. तिथेही अडलं तर इथेच खाली लिहा, सोबत बघू.