सोप्या पुस्तकाने मूल आळशी होत नाही

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरत असतो. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की येतो, ऑक्टोबरात वाचन प्रेरणा दिनाच्या सुमाराला पुन्हा येतो. त्यातला उपदेश असा: मुलाला घरी वाचायला नेहमी इयत्तेच्या एक पायरी वरचं पुस्तक द्या, सोप्या पुस्तकाने मूल आळशी होतं. इयत्ता कव्हरवर छापलेली असते, तीच बघा. वाचलेलं पुस्तक पुन्हा देऊ नका. पहिलीनंतर चित्रांची पुस्तकं बंद करा. आणि वाचून दाखवू नका, सवय लागते.

मुंबईतल्या एका मराठी शाळेत मी वर्गाचं वाचनालय सांभाळते. शुक्रवारी मुलं पुस्तकं घरी नेतात. आईबाबांच्या आग्रहाने नेलेली जाडजूड पुस्तकं सोमवारी दुसऱ्या-तिसऱ्या पानापलीकडे न जाता परत येतात, म्हणून हे लिहिते आहे.

‘कठीण पुस्तकाने मूल पुढे जातं.’ जातं, पण शेजारी मदतीला कोणी बसलेलं असेल तर. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एमेट बेट्स यांनी १९४६ मध्ये हा फरक मांडला होता. मूल एकटं वाचणार असेल तर शंभरातले ९९ शब्द त्याला यायला हवेत, शिक्षक सोबत असतील तर ९५ पुरतात, आणि ९० च्या खाली गेलं की मूल वैतागतं. आकडे इंग्रजीचे आहेत, आणि नंतरच्या संशोधकांनी त्यांना आव्हानही दिलं आहे: नीट मदत मिळाली तर मुलं याहून अवघड मजकूर पेलतात, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं, वर्गात मीही अवघड पुस्तक घेते. पण घरी? आई संध्याकाळच्या गर्दीच्या लोकलमधून उतरून, भाजी घेऊन घरात शिरते आणि ओट्याशी उभी राहते. त्या वेळी मूल पुस्तकापुढे एकटंच असतं.

एक वाक्य घ्या: ‘आजीने स्वयंपाकघरातल्या फडताळातून लाडवांचा डबा काढला.’ दुसरीतलं मूल ‘आजीने’ झटकन वाचतं. ‘स्व’वर अडतं, ‘यं’चा अनुस्वार लावतं, ‘पाक’ जुळवतं, ‘घरात’पर्यंत येतं आणि ‘ल्या’ दोनदा म्हणून बघतं. ‘फडताळातून’मध्ये एकही जोडाक्षर नाही, त्यामुळे शब्द वाचून होतो. पण त्याच्या घरात कपाट आहे, फडताळ त्याने कधी ऐकलेलंच नाही. ‘काढला’पर्यंत पोचेस्तोवर डबा कोणी काढला हे डोक्यातून गेलेलं असतं. अशी बारा वाक्यं एका पानावर असली तर कष्ट झाले आणि गोष्ट हाती लागलीच नाही.

‘कव्हरवरची इयत्ता बघा.’ ही सगळ्यात फसवी सूचना. एकाच वर्गातल्या मुलांच्या वाचनात केवढी तफावत असते! मुलांना वाचता येतं का हे तपासणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात तिसरीच्या साधारण २७ टक्के मुलांनाच दुसरीच्या स्तराचा मजकूर वाचता आला. ते सर्वेक्षण खेड्यांतलं आहे, पण अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट या त्याच्या पायऱ्या आपल्या मुलाला घरबसल्या लावून बघता येतात.

जोडाक्षरं मोजूनही पातळी ठरत नाही. ‘स्टेशन’मध्ये जोडाक्षर आहे, तरी मुंबईचं मूल तो शब्द सहज वाचतं, कारण तो रोज त्याच्या कानावर पडतो. ‘ओसरी’ला एकही जोडाक्षर नाही आणि तिथे ते कोरं बघत राहतं. बिनजोडाक्षरी पुस्तकं अगदी सुरुवातीला फार उपयोगी पडतात, पण तेवढ्यावर निवड करू नये.

मग बघायचं कसं? मधलं एक पान मोठ्याने वाचू द्या. अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट. पाच बोटं झाली तर हे पुस्तक एकट्याने वाचायचं नाही. पण मराठीत एवढ्यावर थांबू नका. आपली लिपी बरीचशी उच्चाराप्रमाणे चालते, त्यामुळे बाराखडी पक्की झालेलं मूल न कळलेलं पानही घडाघडा वाचून दाखवतं आणि पालक खूश होतात. पुस्तक मिटा आणि विचारा, ‘काय झालं गं गोष्टीत?’ तिने चार वाक्यांत सांगितलं तर पुस्तक तिचं.

सोपं पुस्तक नको आणि वाचलेलं पुस्तक पुन्हा नको, मेसेजमधल्या या दोन तक्रारींना उत्तर एकच आहे. अक्षरं जुळवण्यात सगळी शक्ती गेली तर अर्थासाठी काही उरत नाही. एस. जे सॅम्युएल्स यांनी १९७९ मध्ये पुनर्वाचनाची पद्धत मांडली. तोच छोटा उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या मुलांचा वेग वाढला, आणि पुढचा नवा उताराही त्यांनी सुरुवातीपासून जास्त वेगाने वाचला. तेच पुस्तक तिसऱ्यांदा मागणारं मूल वेळ फुकट घालवत नसतं. कृपा करून त्याच्या हातून ते ओढून घेऊ नका.

चित्रांबद्दल एवढंच: चित्र बघून शब्द ठोकून देणं म्हणजे वाचन नव्हे, तेव्हा बोट शब्दाखाली हवं. पण फडताळ म्हणजे काय, हे चित्राइतकं चटकन कोण सांगणार?

उरलं वाचून दाखवणं. मेसेजमधलं हे वाक्य मला सर्वात घातक वाटतं, कारण मुलाची समज त्याच्या वाचनाच्या बरीच पुढे असते. अवघड पुस्तकाची जागा इथेच आहे. फडताळ, ओसरी, खळं हे शब्द आजोबांच्या तोंडून कानावर पडले की पुढे छापील पानावर अडत नाहीत. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना तर याची जास्तच गरज आहे. २०२० च्या कायद्याने मराठी विषय सगळ्या शाळांत सक्तीचा झाला, पण चौथीतलं मूल मराठी वाचनात पहिलीच्या पायरीवर असू शकतं. त्याला बाळबोध गोष्टी देऊन लाजवू नका. रेल्वे, कीटक, क्रिकेट असे त्याच्या वयाचे विषय आणि सोपी वाक्यं, असं पुस्तक शोधा.

मी दप्तरात दोन पुस्तकं देते: एक मुलाने वाचायचं, एक घरातल्या मोठ्यांनी वाचून दाखवायचं. घरी पुस्तकं नसतील तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत, फुकट. त्या पातळ्याही अंदाजापुरत्याच धरा आणि पानाची परीक्षा घ्याच. मूल अवघड पुस्तकासाठी हट्ट धरून बसलं तर तेही नेऊ द्या, फक्त सोबत एक सोपं ठेवा.