श्रावणात हाडाचा नट

इन्क्रीमेंटचे साडेनऊ हजार रुपये माझ्या गिटारमध्ये गेलेत आणि ते नेमके कुठे वाजतायत ते मला अजून सापडलेलं नाही.

गिटार माझी साधीच, इंडोनेशियात बनलेली स्ट्रॅट टाईप, म्हणजे फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारीच्या घाटाची. एका रात्री दोन वाजता यूट्यूबवर कळलं की स्वस्त गिटारींमध्ये ब्रिजखालचा, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीखालचा, धातूचा ठोकळा (ब्लॉक) जस्ताचा असतो, 1954 च्या ओरिजिनल स्ट्रॅटोकास्टरला स्टीलचा होता, बस्स, तेवढ्यासाठीच माझा टोन अडलाय असं मनाने घेतलं. मग एकटा ब्लॉक कशाला, अख्खा ब्रिजच मागवला, लॉकिंग ट्यूनर, म्हणजे तार पकडून ठेवणाऱ्या खुंट्या, मागवले, हाडाचा नट, म्हणजे खुंट्यांच्या बाजूची तारांची खाचांची पट्टी, मागवला. पार्सल आईने उघडलं. "हाडाचा म्हणजे? अरे श्रावण चालू आहे!" मी म्हटलं प्लॅस्टिक आहे गं, हाडासारखा रंग म्हणून तसं लिहितात. तिने तरी तो देवघरापासून लांब, चपलांच्या रॅकवर ठेवला.

ब्रिज बसेना. माझ्या गिटारीच्या टोकाच्या दोन स्क्रूंमधलं अंतर साडेबावन्न मिलिमीटर आणि आलेला ब्रिज छपन्नचा, म्हणजे मोजपट्टी घरात असताना मी फोटो बघून ऑर्डर दिली होती. मग जुन्या भोकांत टूथपिक आणि फेव्हिकॉल ठोकून, रात्रभर वाळवून, शेजारच्या काकांचं ड्रिल आणून नवी भोकं पाडली. बाबा पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "कपाटाचं काम निघालंय का?"

पण वाजवली आणि काय सांगू, खणखणीत! सस्टेन म्हणजे सुराचं टिकून राहणं, चमक, सगळं. मी भारावून बाबांना ऐकवलं. बाबा भजनी मंडळात पेटी वाजवतात, घरात मिरजेचा तंबोरा आहे, तर म्हटलं यांना कळेल. ते म्हणाले, "तंबोऱ्याची तार घोडीवर घासत जाते म्हणून तिथे एक दोरा सरकवला तरी जवारी, ती तारेची झणझण, बदलते. तुझ्या घोडीवर तार नुसती टेकलीय. बरं, तारा नव्या टाकल्यास ना?"

टाकल्या होत्या. ब्रिज बदलायचा तर तारा काढाव्याच लागतात, आणि आधीच्या तारा आठ महिन्यांच्या, पावसाळ्यात गंजून हाताला काळं लागायचं.

त्या जुन्या तारा फेकायच्या राहिल्या होत्या. रविवारी, कोणी बघत नाही असं बघून, नव्या स्टीलच्या ब्रिजवर त्याच परत चढवल्या. आवाज जसाच्या तसा जुना, सर्दी झालेला. पिकअप म्हणजे तारांखालचं चुंबक आणि वेटोळं, त्या बिचाऱ्याला वरच्या तारेचं हलणंच कळतं, बाकी धातूचा फरक पडत असेलही किंचित, माझ्या कानाला नाही पडला. आणि नट तर बोटाने तार दाबली की खेळातूनच बाहेर, मोकळ्या तारांपुरता मालक तो. लॉकिंग ट्यूनरबद्दल मात्र वाकडं बोलणार नाही, तारा चटकन बदलता येतात, ज्या मी आठ आठ महिने बदलत नाही.

मग नव्या तारा परत टाकल्या, स्क्रू ड्रायव्हरने पिकअप जरासा वर घेतला, आणि एवढ्याने जो फरक पडला तो आईलासुद्धा स्वयंपाकघरातून कळला. "आज जोरात का वाजतंय?"

काढलेला जस्ताचा ब्लॉक सध्या लाईट बिलावर ठेवलाय. पंखा पाचवर असला तरी बिल हलत नाही, सस्टेन उत्तम.