बांध कुणाचा?

शेजाऱ्यानं यंदाही बांध कोरला. करवीर तालुक्यातलं आमचं रान वीस गुंठ्यांचं, म्हणजे अर्धा एकर. दर नांगरटीला ट्रॅक्टरचा फाळ वीतभर आत येतो. आजोबांच्या वेळचा हद्दीचा दगड गेल्या पावसाळ्यात उपटून ओढ्यात पडलेला सापडला. त्याच्या बुडाला अजून आमची काळी माती चिकटलेली होती.

मोजणीचे पैसे भरले. मोजणीदार आला तेव्हा ऊस उभा! उभ्या उसात साखळी टाकणार कशी? तोड झाल्यावर पुन्हा अर्ज, पुन्हा नोटिसा. एकदाची खुणा होऊन ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात आली, तर शेजारी म्हणतो, ‘मला मोजणीच मान्य न्हाई.’ मग दिवाणी दावा. कोर्टानं पुन्हा कमिशन मोजणी, म्हणजे कोर्टाच्या हुकमानं होणारी मोजणी, सांगितली, तिच्यावर पुन्हा हरकत. वकील म्हणतात धीर धरा. आणखी किती?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये हद्द ठरवण्याची तरतूद आहे, हद्दीची खूण मोडली तर दंडही आहे. पण दगड कुणी उपटला ते सिद्ध करायचं आम्हीच. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, मुंबईची वारी वाचली, त्याचा आनंद आहेच. पण आमचं घोडं खालच्या कोर्टातच अडलंय.

आई अजून रोज त्या बांधावर गवत कापायला जाते. शेजारीण समोर असते, दोघी एकमेकींकडं बघतही नाहीत. वीतभर मातीपायी चाळीस वर्षांचा शेजार तुटला, याचा राग येतो मला.