सार्वजनिक काकांचं वकीलपत्र

वकील किती मोठा, हे मुंबईत त्याच्या फीवरून ठरतं. जिल्ह्याच्या कोर्टातून आलेल्या वकिलाला इथे बाररूममध्ये बसायला खुर्ची मिळते, पण त्याचं मत फारसं कुणी विचारत नाही. मला हे मनापासून खटकतं. कारण वकिलाने समाजासाठी काय करावं, याचा आपल्याकडचा सगळ्यात चांगला धडा पुण्याच्या एका वकिलाने घालून दिलाय: गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका.

जन्म साताऱ्याचा, १८२८ सालचा. आधी कारकुनी केली, मग वकिलीची परीक्षा देऊन पुण्यात जम बसवला. विलायतेची बॅरिस्टरी नाही, मुंबईच्या हायकोर्टाचा दबदबा नाही. पर्वती देवस्थानच्या कारभाराबद्दल लोकांच्या तक्रारी होत्या, त्यातून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा उभी राहिली आणि तिच्यामागे काका होते. रानडे पुण्यात आले ते पुढच्या वर्षी. सभेचं श्रेय बहुतेक वेळा रानड्यांच्या नावावर जातं. त्यांचं काम मोठंच आहे, पण ते सरकारी न्यायाधीश होते. दारोदार फिरून लोक जमवणं काकांकडे होतं.

या सभेचा एक नियम मला फार थोर वाटतो. सभासद व्हायचं तर किमान पन्नास लोकांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. नुसती वर्गणी भरून चालत नसे. सुरुवातीला ९५ सभासद होते आणि त्यांच्या पाठीशी सुमारे सहा हजार लोकांच्या सह्या. मतदानाचा हक्क म्हणजे काय हे कुणाला माहीत नव्हतं, त्या काळातली ही गोष्ट. कोर्टात अशिलाच्या वतीने उभं राहायला वकीलपत्र लागतं, मग जनतेच्या वतीने सरकारशी बोलायला का नको? हा विचार रोज वकीलपत्रं दाखल करणाऱ्यालाच सुचू शकतो.

आता आपल्याकडे या. गिरगाव, लालबाग, परळमध्ये पुनर्विकासासाठी ५१ टक्के संमती लागते, म्हणजे इथेही सह्याच. मी पाहिलंय, रात्री जेवणं उरकली की दोन माणसं चाळीत येतात. हातात फाइल, पेनाने फुल्या मारून ठेवलेली पानं, अंगठ्यासाठी शाईचा पॅड. आजी चष्मा शोधतायत तोवर त्यांचं बोट धरून ते पॅडवर टेकवलंही जातं. "मावशी, सगळ्यांनी केलीय, तुमचीच राहिलीय." कागदात भाडं किती महिने मिळणार, कार्पेट एरिया किती, काम रखडलं तर काय, हे कुणी वाचून दाखवत नाही. त्याच चाळीत दोन-तीन वकील राहत असतात आणि तेही खाली उतरत नाहीत. मला राग येतो तो या शेवटच्या गोष्टीचा.

काका खाली उतरत. दोन्ही पक्षांचा पैसा आणि वर्षं कोर्टात वाया जाऊ नयेत म्हणून त्यांनी लवाद कोर्ट, म्हणजे पंचांकरवी तंटे मिटवणारं कोर्ट, चालवलं. ज्याचं पोट खटल्यांवर चालतं, त्याने हे केलं! आज लोकअदालतीत तडजोड झाली की कोर्ट फी परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील नसतं. ही सोय आपण नवी समजतो, पण तिच्यामागची कळकळ तीच आहे. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात सभेने गावोगाव माणसं पाठवून माहिती गोळा केली आणि ती सरकारपुढे ठेवली. १८७७ च्या दिल्ली दरबारात काका हातकताईच्या खादीच्या कपड्यांत गेले. घरातही हेच वारं होतं. पत्नी सरस्वतीबाईंनी स्त्रियांची वेगळी सभा काढली.

आणि १८७९. वासुदेव बळवंत फडके पकडले गेले, पुण्यात खटला उभा राहिला. त्यांच्या बाजूने बोलणं म्हणजे सरकारची खप्पामर्जी ओढवून घेणं. काकांनी त्यांचं वकीलपत्र घेतलं. फडक्यांना जन्मठेप झाली, एडनला नेलं. पुढच्याच वर्षी, जुलै १८८० मध्ये काका गेले. वय अवघं बावन्न.

माझ्या ज्युनिअर मित्रमैत्रिणींना एक सांगायचंय. महिला, औद्योगिक कामगार, अनुसूचित जाती-जमातीची माणसं आणि कोठडीतले आरोपी यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिलाय. आपल्या वस्तीत हे किती जणांना माहीत आहे, विचारून बघा. हे मोफत वकील पुरवणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवर नाव द्या, आणि ते काम उरकून टाकायचं म्हणून करू नका.

लालबाग-परळमध्ये रविवारी सकाळी चाळीच्या ऑफिसात बसून संमतीपत्रं आणि करारनामे लोकांना मराठीत वाचून दाखवायला मी सुरुवात करतोय. फी नाही. सही करा किंवा करू नका, हेही आम्ही सांगणार नाही, फक्त कलम न् कलम समजावून देणार. दोन तास देऊ शकणारे वकील हवे आहेत. तुमच्या चाळीत असे कागद फिरत असतील तर सहीआधी त्यांची झेरॉक्स मागून घ्या आणि मला मेसेज करा.