गाडीचं फेंगशुई: सीटखालची मिठाची वाटी आधी काढा

आठवडाभरात एकच मेसेज मला तीन ग्रुपवरून आला: ‘गाडीचं फेंगशुई करा, अपघात टाळा.’ सीटखाली खड्या मिठाची वाटी, आरशाला स्फटिक, डॅशबोर्डवर लाफिंग बुद्धा, मॅटखाली लाल दोऱ्यात बांधलेली तीन नाणी, गाडी पूर्वेला तोंड करून लावा, नंबरात ४ नको, रंग लाल नको, पसारा नको. मी रोज मुलुंडहून लोअर परळला गाडी चालवत जाते. यातले काही उपाय धोक्याचे आहेत, म्हणून हे लिहितेय.

आधी दिशा. फेंगशुई म्हणजे वारा आणि पाणी. घर किंवा थडगं कुठे असावं, हे ठरवण्यासाठी चीनमध्ये ही विद्या वाढली. पाठीशी डोंगर, समोर पाणी. जागेवरून न हलणाऱ्या गोष्टींचा हा विचार. गाडीचं तोंड सायनपर्यंतच कितीदा फिरतं! आणि आमच्या स्टॅक पार्किंगमध्ये गाडी यंत्राच्या सोयीनंच लागते.

रंगाचं म्हणाल, तर लाल गाडी अशुभ आणि नाण्यांचा लाल दोरा शुभ, हे एकाच मेसेजमध्ये आहे. बेस्टच्या लाल बसमधून तर आपण लहानपणापासून फिरतोय.

चारचा आकडा चीनमध्ये टाळतात, कारण तिथे ‘चार’ आणि ‘मृत्यू’ यांचे उच्चार जवळजवळ सारखे आहेत. मराठीत तसं काही नाही. आपण चार पैसे गाठीला बांधतो, चार माणसांत वावरतो. ठाण्यात नोंदलेल्या गाड्यांवर तर ‘एमएच ०४’ असतंच. आवडीच्या नंबरासाठी आरटीओत जादा पैसे भरण्याआधी एवढं आठवा.

आता मीठ. मेसेज म्हणतो, मीठ विरघळलं की समजा त्यानं नकारात्मक ऊर्जा शोषली. मिठानं शोषलेलं असतं ते पाणी. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ ओलावा ओढून आपोआप विरघळतं, आणि पावसाळ्यात मुंबईची हवा त्याहून दमट असतेच. गेल्या जुलैत दादाच्या गाडीत वहिनीनं ठेवलेली वाटी मी बाहेर काढली. आत खडा एकही नव्हता, नुसतं गढूळ पाणी, तेही स्पीडब्रेकरवर हिंदकळून निम्मं सांडलेलं. कार्पेट उचललं तर सीटच्या रुळाचा बोल्ट गंजलेला, बोट लावताच नारिंगी भुकटी. शेजारीच वायरींचा पिवळा कनेक्टर होता, एअरबॅग आणि सीटबेल्टच्या यंत्रणेचा. अपघातात जीव वाचवणाऱ्या वायरींवर आपण मिठाचं पाणी सांडत होतो. वहिनीचा चेहरा उतरला. तिनं ते घरच्यांच्या काळजीपोटीच केलं होतं, म्हणून मला या मेसेजचा जास्त राग येतो.

स्फटिकाचा गोळा भर उन्हात भिंगासारखा ऊन एका जागी गोळा करतो; त्यानं सीट करपू शकते, पेटूही शकते. शिवाय तो डोळ्यांसमोर झुलतो आणि रस्ता ओलांडणारा माणूस नेमका त्याच्या आड जातो. डॅशबोर्डवरची मूर्तीही तशीच. समोरची एअरबॅग पापणी लवायच्या आत फुगते आणि तिच्या झाकणावर चिकटवलेली वस्तू शेजारी बसलेल्याच्या तोंडावर येते. मूर्ती बुद्धाची असो वा आपल्या गणपतीची, तिची जागा तिथे नाही. हे श्रद्धेविरुद्ध नाही. दसऱ्याला मीही गाडीची पूजा करते, बॉनेटला झेंडूचा हार घालते आणि निघण्याआधी तो उतरवते.

नाण्यांमुळे मॅट हुकातून सुटून पेडलकडे सरकू शकते. ती पर्समध्ये ठेवा.

पसारा नको, हे मात्र शंभर टक्के खरं, पण कारण वेगळं. सीटखालची पाण्याची बाटली घरंगळत ब्रेकखाली गेली तर पेडल पुरतं दबत नाही. दादाच्या गाडीतून त्या दिवशी वाटीबरोबर अशा दोन बाटल्या निघाल्या.